पुस्तकावरची जगबुडीची सीरीज घरच्यांबरोबर कशी बघायची (आणि पुस्तक वाचलेल्याने तोंड कसं बंद ठेवायचं)

आधीच सांगतो, यात 'स्टेशन इलेव्हन'चे भरपूर स्पॉयलर आहेत, पुस्तकाचे पण आणि सीरीजचे पण, त्यामुळे बघायची असेल तर बघून या, मग वाचा.

गेल्या पावसात आम्ही ही सीरीज घरी बघितली, मालवण तालुक्यात, खळ्याच्या बाजूच्या खोलीत, आठ माणसं, एक टीव्ही, एक इन्व्हर्टर. आठातला पुस्तक वाचलेला मी एकटाच आणि मला त्याचा जरा माज होता. पहिल्याच भागात मी जी माती खाल्ली त्यावरूनच हे लिहायचं सुचलं. कारण एकट्याने हेडफोन लावून सीरीज बघणं वेगळं आणि घरच्यांबरोबर बघून त्यावर नीट भांडणं वेगळं, दुसऱ्याला थोडी तयारी लागते.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एमिली सेंट जॉन मँडेलची कादंबरी २०१४ ला आली, २०१५ ला तिला आर्थर सी. क्लार्क पुरस्कार मिळाला. जॉर्जिया फ्लू नावाची साथ येते, थोड्या दिवसांत जवळपास सगळं जग मरतं, आणि वीस वर्षांनी अमेरिकेतल्या मोठ्या तळ्यांच्या भागात एक नाटकमंडळी गावोगाव फिरून शेक्सपिअर करतेय, अशी गोष्ट. एचबीओ मॅक्सने तिची दहा भागांची सीरीज केली, पॅट्रिक सॉमरव्हिलने ती उभी केली, १६ डिसेंबर २०२१ ला पहिले तीन भाग आले आणि १३ जानेवारी २०२२ ला शेवटचा. म्हणजे साथीवरची सीरीज लोकांनी खऱ्या साथीतच बघितली. त्याहून वाईट म्हणजे पहिला आणि तिसरा भाग २०२० च्या सुरुवातीला शिकागोत शूट झालेले, कोरोना तिथे पसरायच्या आधी, मग सगळं बंद पडलं आणि उरलेलं काम २०२१ मध्ये कॅनडात जाऊन केलं. हे सगळं पहिल्या भागाआधी सांगून टाका. नाहीतर हॉस्पिटलचा सीन आला की कोणीतरी म्हणणारच, "हेनी कोरोना बघून चोरल्यानी."

आता तयारी. वेळ निवडताना आंब्याचा मोसम नको, शिमगा नको, गणपतीच्या आधीचा आठवडा तर अजिबात नको. भाताची लावणी आटपली आणि पाऊस धरून बसला की माणसं घरात सापडतात, तेव्हा बसा. भाग आधीच डाउनलोड करून ठेवा. आमच्याकडे रेंज सड्यावर येते, म्हणून मी दुपारी छत्री घेऊन सड्यावर जाऊन बसायचो आणि दोन भाग उतरवून खाली यायचो, गुरं राखणारे विचारायचे काय रे कोणाची वाट बघतस. एका रात्रीत दोनच्या वर भाग लावू नका, इन्व्हर्टर पण तेवढाच चालतो आणि माणसं पण.

इंग्रजी सबटायटल चालूच ठेवा, आणि ज्यांना इंग्रजी झेपत नाही त्यांच्यासाठी एक माणूस बसवा जो हळू आवाजात सांगत जाईल. हे काम शक्यतो पुस्तक वाचलेल्याने करू नये. मी करत होतो आणि भाषांतर करता करता मला माहीत असलेलं पुढचंपण तोंडातून निघत होतं. तिसऱ्या भागापासून दहावीतल्या पुतणीला बसवलं. तिचं मालवणी माझ्यापेक्षा बरं, आणि तिला पुढचं काहीच माहीत नव्हतं, त्यामुळे ती पण अडखळायची, दचकायची, आणि आईला ते जास्त आवडलं.

पहिल्या भागात काय झालं ते सांगतो. स्टेजवर 'किंग लिअर' चालू असताना मुख्य नट कोसळतो, प्रेक्षकांतला जीवन चौधरी उठून स्टेजवर धावतो (हिमेश पटेल, आईला पहिल्या मिनिटापासून पसंत, "हो आमचोच दिसता") आणि तिथे नाटकात काम करणारी एक आठ वर्षांची मुलगी असते, कर्स्टन. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, बघा आता हा तिला तिथेच सोडून एकटा निघून जाणार. पुस्तकात तसंच आहे, तो तिच्याशी दोन शब्द बोलतो, मग तिला सांभाळणारी बाई येते, आणि हा टोरांटोच्या बर्फात चालत निघतो. सीरीजमध्ये शहर शिकागो, आणि हा मुलीला घरी सोडायला निघतो आणि ती त्याच्याबरोबरच राहते, पूर्ण सीरीजच त्या दोघांवर उभी आहे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई म्हणाली, "त्या चेडवाक एकट्याक टाकून गेलो तर माणूस कसलो तो? पुस्तकवाल्याक कळाक नाय." पुढचे दोन दिवस मी काही बोललो की वहिनी विचारायची, हे खरं की पुस्तकातलं?

म्हणून पहिला आणि एकच कडक नियम करा, भाग संपला की पुस्तक न वाचलेले आधी बोलतील आणि वाचलेला सगळ्यात शेवटी. यात नम्रपणा वगैरे काही नाही. वाचलेल्याने आधी तोंड उघडलं की बाकीचे सीरीजबद्दल बोलायचं सोडून त्याच्याशी बोलायला लागतात, आणि मग आठ माणसांची एकच प्रतिक्रिया होते, "पुस्तकात वेगळं होतं म्हणे." ज्याने वाचलेलंच नाही त्याला याचं काय करायचंय.

आणि वाचलेल्याची पाळी आली की त्याने "असं नव्हतं" एवढ्यावर थांबायचं नाही. काय बदललं ते सांगायचं आणि त्या बदलाने गोष्टीचं काय झालं तेपण सांगायचं. उदाहरण देतो. जीवनचा भाऊ फ्रँक पुस्तकात व्हीलचेअरवर आहे, उंच बिल्डिंगमध्ये दोघं भाऊ अडकून पडतात, आणि शेवटी आपण ओझं होणार म्हणून फ्रँक स्वतःच जीव देतो. सीरीजमध्ये घरात घुसलेला एक माणूस त्याला मारतो, आणि तेपण मुलीने लिहिलेलं छोटंसं नाटक ते तिघं घरातच करत असताना. नुसतं "बदललं" म्हटलं तर ही तक्रार झाली. पण "पुस्तकात तो निर्णय घेतो आणि आपण त्याच्याशी भांडू शकतो, सीरीजमध्ये नाटकासाठी थांबले म्हणून तो जातो, त्यामुळे मुलीच्या डोक्यावर नाटकाचं ओझं बसतं" असं म्हटलं की समोरचा बोलायला लागतो. मला स्वतःला पुस्तकातलाच फ्रँक जास्त पटतो, अजून पटतो. काकांना सीरीजमधला. यावर आमचं दोन रात्री चाललं आणि मजा आली.

काळाच्या उड्यांत बघणारी माणसं हरवतात, त्याचं काय करायचं? गोष्ट साथीच्या आधी, साथीत आणि वीस वर्षांनी अशी तीन काळांत उड्या मारते, सांगून मारत नाही. दुसऱ्या भागात शेजारच्या काकी म्हणाल्या, "मगाशी मेलो तो परत उभो कसो रवलो?" बरोबरच आहे त्यांचं. आम्ही कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तीन रकाने काढले आणि टीव्हीखाली चिकटवले, साथीआधी, साथीत, वीस वर्षांनी. ओळखायची खूण सोपी, फोन आणि दिवे चालतायत तर पहिला रकाना, बाहेर बर्फ आणि आत घाबरलेली माणसं तर दुसरा, गाड्यांना घोडे जुंपलेत तर तिसरा. चौथ्या भागानंतर कोणी कागदाकडे बघितलंच नाही.

याच भानगडीवर दुसरी एक सीरीज आपटली असं माझं मत आहे, 'द स्टँड'. स्टीफन किंगची ही कादंबरी १९७८ ची, १९९० ला त्याने काढून टाकलेला मजकूर घालून अजून जाड केली. १९९४ ला टीव्हीवर चार भागांत आली ती साधी सरळ, आधी साथ मग पुढचं. २०२० च्या डिसेंबरात नऊ भागांची नवी आली, तिने सुरुवातच साथ संपल्यावर प्रेतं उचलणाऱ्या टोळीपासून केली आणि साथ मागेपुढे करत तुकड्यांत दाखवली. तुकड्यांत दाखवलं म्हणजे वाईट असं नाही, 'स्टेशन इलेव्हन' पण तेच करते. पण 'द स्टँड'ची सगळी भीती हळूहळू चढण्यात आहे, आज एक खोकला, उद्या दहा, आणि तीच चढण काढून टाकली तर उरतं काय. शेवटचा भाग किंगने स्वतः लिहिला, पुस्तकात नसलेला प्रसंग घालून, म्हणजे लेखकच बदल करतो तेव्हा वाचकाने कोणाकडे तक्रार करायची हा पण प्रश्नच आहे. घरच्यांबरोबर पहिल्यांदाच बसत असाल तर ही नको, लांब आहे आणि रक्त बरंच.

आता एक गोष्ट जी मी आधी करायला हवी होती आणि केली नाही. बसायच्या आधी प्रत्येकाला वेगळं गाठून विचारा की साथीची गोष्ट बघायला चालेल का. सगळ्यांसमोर विचारू नका, सगळ्यांसमोर कोणी नाही म्हणत नाही. आमच्या आठातल्या एकांचा भाऊ २०२१ च्या लाटेत गेला होता. पहिल्या भागात जीवनची डॉक्टर बहीण हॉस्पिटलमधून फोन करते तेव्हा ते उठून बाहेर गेले आणि आम्हाला वाटलं पाणी बघायला गेले असतील. तीन दिवस आलेच नाहीत. मग मी जाऊन बोललो, त्यांना सांगितलं की पुढे आजारपण फार नाही, नाटकवाले आहेत, तेव्हा चौथ्या भागापासून आले. तिसरा भाग मिरांडाचा, म्हणजे स्टेजवर कोसळलेल्या नटाच्या आधीच्या बायकोचा, ती मलेशियात एकटी अडकून मरते, तो त्यांनी बघितला नाही तेच बरं झालं. तो भाग समजला तो बोटीवर काम करणाऱ्या आमच्या शेजाऱ्याला. मिरांडा जहाजांच्या धंद्यात, आणि हा २०२० मध्ये कित्येक महिने बोटीवरच अडकलेला, बदली माणूस येईना आणि उतरू देईनात. तो भागभर एक शब्द बोलला नाही, शेवटी म्हणाला परत लाव.

प्रतिक्रिया म्हणजे काय हे मला पाचव्या भागात कळलं. विमानतळावर शेकडो लोक अडकलेत, एक विमान उतरलंय आणि लांब उभं आहे, आत साथ आहे म्हणून दार बंद, कोणाला उतरू द्यायचं नाही असं आतल्यांनी ठरवलंय. पुढे त्या विमानातून एक माणूस जिवंत येतो आणि विमानतळावरचे लोक त्याला गोळी घालतात. आमच्या खोलीत पूर्ण शांत. कारण त्या खोलीत २०२० च्या मे महिन्यात गावच्या वाटेवर बांबू आडवा बांधणारे दोघे बसले होते आणि त्याच बांबूच्या पलीकडे मुंबईहून येऊन उभा राहिलेला, मग शाळेत चौदा दिवस झोपलेला माझा चुलतभाऊ पण बसला होता. कोणी काही बोललं नाही दोन मिनिटं. मग चुलतभाऊच म्हणाला, "तुमी जेवण तरी दिल्यात." आणि मग सगळे एकदम बोलायला लागले, कोण घाबरलं होतं, कोणाच्या आईने कोणाला काय सांगितलं, शाळेत डास किती होते, आणि हे सगळं त्या मे महिन्यानंतर पहिल्यांदाच. सीरीज बाजूलाच राहिली. अशा वेळी पुढचा भाग लावायची घाई करू नका, टीव्ही बंद करा, चहा ठेवा. त्या दिवशी कोणी मला विचारलं असतं की पुस्तकात हे कसं आहे (पुस्तकात त्या विमानातून कोणी बाहेर येतच नाही) तर मी सांगितलं नसतं.

लहानसहान प्रश्नांना हसू नका. "पेट्रोल वीस वर्षं टिकता काय?" हा चांगला प्रश्न आहे, नाही टिकत, साठवलेलं पेट्रोल काही महिन्यांतच बिघडायला लागतं, म्हणूनच तर गाड्यांना घोडे. जीवन दुकानात जाऊन ट्रॉल्या भरतो तेव्हा आईने विचारलं तांदूळ घेतल्यान काय, मीठ खंय आसा, आणि त्याने जे काय भरलं ते बघून म्हणाली, "ह्येका काय बेगमी म्हणतत? ही घाई." मी हसलो तेव्हा, पण जिने आयुष्यभर मे महिन्यात सुकी मासळी, सोलं, कुळथाचं पीठ, लाकडं आणि चार महिन्यांचे तांदूळ भरलेत तिचं या सीनबद्दलचं मत ऐकण्यासारखंच असणार. तौक्ते वादळात, १६ मे २०२१ ला, आमच्याकडे झाडं पडून लाईट गेली ती आठ दिवस नव्हती, विहिरीवर रहाट होता म्हणून चाललं. अशा माणसांना लाईट गेल्यावर जग संपतं ही कल्पनाच थोडी विनोदी वाटते. ती त्यांची खरी प्रतिक्रिया आहे, तिला "त्यांना सीरीज कळली नाही" असं लिहून मोकळे होऊ नका.

लिहून कशी ठेवायची? वही ठेवा. भाग संपल्या संपल्या प्रत्येकाचं एक वाक्य, जसं बोलला तसंच, मालवणी तर मालवणी, सुधारायचं नाही. तारे, मार्क वगैरे नकोत. आम्ही पहिल्या दिवशी दहापैकी मार्क दिले, सगळ्यांनी सात दिले, वहिनीने स्वयंपाक राहिला म्हणून पाच. दुसऱ्या दिवशी कोणाचं मत बदललं तर जुनं खोडू नका, खाली नवीन लिहा. काकांचं टायलरबद्दलचं मत तीन वेळा बदललंय वहीत. टायलर म्हणजे तो लहान पोरांना गोळा करणारा प्रेषित, पुस्तकात वाईट माणूस आहे आणि त्याच्याच टोळीतल्या पोराच्या हातून मरतो, सीरीजमध्ये त्याला जगवलाय आणि चक्क हॅम्लेटचं काम दिलंय, समोर त्याची खरी आई राणीच्या भूमिकेत. पुस्तकवाल्यांचं सगळ्यात जास्त भांडण यावरच होतं. मलाही आधी राग आला, एवढी माणसं मारणाऱ्याला इतक्या सहज माफी?

पण काकांचं ऐका. काका तरुणपणी दशावतारात होते, अजून कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की पाय थांबत नाहीत. सीरीजमधली मंडळी घोडागाड्यांतून सामान घेऊन ठरलेल्या वाटेने गावोगाव फिरते, दरवर्षी त्याच गावात तेच लोक वाट बघत असतात, हे बघून परदेशी प्रेक्षकांना काहीतरी स्वप्नासारखं वाटलं असेल, काका म्हणाले ह्या आमचाच. फक्त डोक्यावर पेटारा नाही आणि बायकांची कामं बायकाच करतात. गाडीवर लिहिलेलं असतं की नुसतं जगणं पुरेसं नाही, ते वाक्य मुळात 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' या सीरीजच्या १९९९ च्या एका भागातलं, ते सांगितलं तर काका म्हणाले कोणाचाय असांदे, खरा आसा. आणि टायलरवर त्यांचं शेवटचं मत असं, की गावात ज्याच्याशी वैर आहे त्याला पण रात्री स्टेजवर समोर उभं राहायला लागतं, संवाद लिहिलेले नसतात, मग मनातलं सगळं राजाच्या आणि राक्षसाच्या तोंडून बाहेर पडतं आणि सकाळी दोघं एकाच गाडीतून पुढच्या गावाला जातात. हॅम्लेटचं मला एवढं कोणी समजावलं नव्हतं. माझा राग गेला असं नाही, पण वहीत मी माझं वाक्य बदललं.

शेवटच्या भागाच्या आधी इन्व्हर्टर बघून घ्या. आम्ही नाही बघितला. दहाव्या भागात शेवटची पंधरा मिनिटं राहिली असतील, हॅम्लेट झालेलं, आणि सगळं काळं. बाहेर धो धो पाऊस. पुतणी रडकुंडीला. काका म्हणाले, "लाईट गेली म्हणान नाटक थांबता काय? गॅसबत्तीर केलव आमी." आणि त्यांनी अंधारातच उरलेली गोष्ट सांगितली, जीवन म्हातारा झालाय, वैद्य झालाय, वीस वर्षांनी त्याला ती पोर दिसते, दोघं एकमेकांना धरून रडतात, थोडं चालतात आणि आपापल्या वाटेला लागतात. काकांनी सीरीज आधी बघितली नव्हती, शपथेवर सांगतो. दुसऱ्या दिवशी बघितलं तर जवळपास तसंच. मी विचारलं कसं ओळखलं, तर म्हणाले सोडून गेलो नाय ना थयसर, मग भेटाकच व्होया.

त्या रात्री अंधारातच आईने मला विचारलं पुस्तकात शेवट काय आहे, दहा भागांत पहिल्यांदाच विचारलं. मी सांगितलं, पुस्तकात ती दोघं भेटतच नाहीत, तो लांब दक्षिणेला कुठेतरी संसार करून राहतो, आणि कर्स्टनला विमानतळाच्या उंच मनोऱ्यावरून दुर्बिणीतून लांब एक गाव दिसतं, तिथे रस्त्यावर लाईट आलेली असते, वीस वर्षांनी पहिल्यांदा.

आई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "त्यांची इली. आमची कधी येतली ती बग."